भमकाराचे भान : मोरी हिदेतारो यांच्या काष्ठबाहुल्या

सतिपट्ठानसुत्तात आनापानसतीचे विवेचन करताना भगवान बुद्धांनी एक दृष्टांत योजला आहे. दीर्घ श्वास घेताना साधक तो दीर्घ आहे हे जाणतो आणि ऱ्हस्व श्वास घेताना तो ऱ्हस्व आहे हे जाणतो. कसे? तर एखादा कुशल भमकार किंवा त्याचा अन्तेवासी लांब ओढ घेताना ती लांब आहे हे जसे जाणतो आणि आखूड ओढ घेताना ती आखूड आहे हे जसे जाणतो, तसे. भमकार म्हणजे लाकूड किंवा हस्तिदंत फिरवून त्यास आकार देणारा कारागीर. मराठीत त्यास 'कातारी' हा नेमका शब्द आहे. 'सुतार' म्हटल्याने अर्थ ढोबळ होतो. अट्ठकथाकारांनी येथे भेरीसारख्या मोठ्या वस्तूच्या कातकामाचे आणि हस्तिदंताच्या सुईघरासारख्या लहान वस्तूच्या कातकामाचे उदाहरण देऊन लांब व आखूड ओढीतील भेद स्पष्ट केला आहे.

या दृष्टांतावरून आपण सामान्यतः चटकन पुढे जातो. आमच्या मते तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे. स्मृतीच्या साधनेसाठी जी उपमा निवडली गेली ती राजाची नाही, ब्राह्मणाची नाही, वनात बसलेल्या तपस्व्याचीही नाही. ती हाताने काम करणाऱ्या माणसाची आहे. शिवाय त्याच्या हातांच्या कौशल्याबरोबर त्याच्या जाणण्याचा उल्लेख आहे. 'पजानाति' हे क्रियापद साधकास लागू होते. ते कारागिरासही लागू केले आहे, आणि त्याच्या शिकाऊ शिष्यासही.

प्रस्तुत लेखात आम्ही जपानमधील एका कातारी कलावंताचा आणि त्याच्या कलेच्या वारशाचा विचार करणार आहोत. त्यासाठी हा दृष्टांत हाताशी ठेवण्याचे कारण आहे. गेल्या शतकात जपानमध्ये कारागिराच्या कलेविषयी जी मीमांसा सर्वाधिक प्रतिष्ठित झाली, ती बौद्ध विचाराचाच आधार घेऊन मांडली गेली, आणि तिचा निष्कर्ष या दृष्टांताच्या नेमका उलट आहे. उत्तम कारागीर आपण काय करतो हे जाणत नाही, आणि जाणत नाही म्हणूनच त्याच्या हातून सौंदर्य निर्माण होते, असा तो निष्कर्ष होय. श्रमिक समाजातून आलेल्या वाचकांस हा प्रश्न केवळ कलेचा वाटणार नाही.

प्रथम वस्तूविषयी. जपानच्या मुख्य बेटाच्या ईशान्य भागास तोहोकु म्हणतात. दीर्घ हिमवर्षावाचा, कष्टाच्या शेतीचा आणि वारंवार दुष्काळ पाहिलेला हा प्रदेश. येथे उष्ण पाण्याचे झरे विपुल आहेत. पेरणी-कापणीची कामे उरकली की शेतकरी कुटुंबे शिधा बरोबर घेऊन या झऱ्यांवर काही दिवस मुक्कामास जात, अंगातील शिणवटा काढीत आणि परतताना मुलांसाठी एखादे स्वस्त खेळणे घेत. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत या झऱ्यांच्या गावी राहणारे कातारी वाडगी, तबके यांच्याबरोबर लेथवर कातलेली एक लहान बाहुली विकू लागले. दंडगोलाकार धड, त्यावर गोल डोके. हात नाहीत, पाय नाहीत. धडावर रंगाच्या पट्ट्या किंवा फुले, चेहऱ्यावर कुंचल्याच्या चारदोन रेघा. हीच कोकेशी. तिला गावोगावी वेगवेगळी नावे होती: कुठे 'देको', कुठे 'किबोको', कुठे 'कोगेसु'. 1862 च्या एका कागदपत्रात आजच्या नावाशी जुळणारा उच्चार आढळतो. परंतु 'कोकेशी' हे एकच नाव व त्याचे लेखन सर्वमान्य झाले ते 1940 साली, नारुको या झऱ्याच्या गावी भरलेल्या संग्राहकांच्या व कारागिरांच्या मेळाव्यात. वस्तू ज्यांनी घडविली त्यांनी तिला दहा नावे दिली होती. ज्यांनी ती जमविली त्यांना एक नाव हवे होते.

या नावावरून निर्माण झालेला एक समज येथे बाजूस सारला पाहिजे. 'को' म्हणजे मूल आणि 'केशी' म्हणजे पुसून टाकणे. म्हणून दुष्काळात जन्मतःच मारल्या गेलेल्या अर्भकांच्या स्मरणार्थ या बाहुल्या घडविल्या जात, अशी उपपत्ती महायुद्धानंतरच्या काळात पसरली आणि आजही पुनःपुन्हा सांगितली जाते. तोहोकुमध्ये दुष्काळ भीषण होते, अर्भकहत्याही घडत होती. हा इतिहास कोणी नाकारू नये. परंतु या बाहुलीचा त्या प्रथेशी संबंध दाखविणारा जुना पुरावा नाही, आणि कोकेशीचे जाणकार अभ्यासक ही उपपत्ती स्वीकारीत नाहीत. ती टिकते कशी? आम्हांस वाटते, गरिबाच्या वस्तूत करुण रस शोधल्याशिवाय शहरी रसिकाचे समाधान होत नाही. शेतकऱ्याने आपल्या मुलीसाठी झऱ्याच्या बाजारातून हौसेने एक खेळणे आणले, हे त्याला पुरेसे वाटत नाही. दुःख हे पहिले आर्यसत्य आहे हे खरे. पण दुसऱ्याच्या घरात ते कल्पनेने नेऊन ठेवणे हे सत्यदर्शन नव्हे.

आता कारागिरांविषयी. लेथवर काम करणाऱ्या या लोकांना जपानी भाषेत 'किजिशी' म्हणतात. शतकानुशतके ते डोंगरांतून हिंडत. एका ठिकाणचे योग्य लाकूड संपले की पुढच्या डोंगरावर जात. खालच्या गावांतील शेतकऱ्यांहून त्यांचे जीवन वेगळे होते आणि त्यांचे विवाहसंबंधही बहुधा आपसांत होत. जपानमध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समूहांत त्यांची गणना होत नव्हती, हे स्पष्ट केले पाहिजे. तरीही गावाच्या दृष्टीने ते परके होते. अशा समाजाने आपला मान राखण्यासाठी जे केले ते आपल्याकडील वाचकांस परिचयाचे वाटेल. आपण नवव्या शतकातील राजपुत्र कोरेताका याच्या परंपरेतील आहोत, असे ते सांगत. सिंहासनापासून वंचित झालेला हा राजपुत्र ओमी प्रांतातील ओगुरा येथील डोंगरांत राहिला, सद्धर्मपुण्डरीक सूत्राची गुंडाळी उलगडताना तिची दोरी ओढली जाऊन दांडा फिरताना त्याने पाहिला, आणि त्यातून त्याला लेथ सुचला, अशी ही कथा आहे. या कथेच्या आधारे ओगुराच्या दोन खेड्यांतील देवस्थानांनी देशभरच्या किजिशींच्या नोंदी ठेवण्याचा अधिकार सांगितला. सतराव्या शतकापासून त्यांचे प्रतिनिधी डोंगरोडोंगरी फिरून वर्गणी गोळा करीत, नावे नोंदवीत आणि कोठेही झाडे तोडण्याचा हक्क सांगणाऱ्या जुन्या राजाज्ञांच्या प्रती देत. त्या राजाज्ञा नंतर रचलेल्या होत्या, असे इतिहासकार मानतात.

सूत्राच्या गुंडाळीतून लेथ जन्मला ही कल्पना मनोहर आहे यात शंका नाही. परंतु ती खरी नाही, आणि ती खरी नाही हे सिद्ध करणारा पुरावाही बौद्धच आहे. कोरेताका जन्मला 844 साली. त्याच्या कितीतरी आधी, 764 सालच्या बंडानंतर, सम्राज्ञी शोतोकु हिने दहा लक्ष लहान काष्ठस्तूप करविले. प्रत्येकाच्या पोटात एक मुद्रित धारणी ठेवली गेली. 770 पर्यंत हे काम पूर्ण होऊन ते स्तूप दहा महाविहारांत वाटले गेले. होर्युजी या विहारात त्यांतील चाळीस हजारांहून अधिक आजही आहेत. त्या धारणी जगातील अतिप्राचीन मुद्रित लेखांत गणल्या जातात, म्हणून मुद्रणाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख आवर्जून होतो. पण ते स्तूप लेथवर कातलेले आहेत, याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्यांच्या बुडाशी शाईने तारखा लिहिल्या आहेत, आणि कारागिरांची नावे लिहिली आहेत. ती मोजदादीसाठी लिहिली गेली हे उघड आहे. पुण्य सम्राज्ञीच्या खाती जमा व्हावयाचे होते, काम मात्र कोणी किती केले हे कळणे आवश्यक होते. तरीही ती नावे उरली. ज्यांना कोणत्याही इतिहासाने दखलपात्र मानले नसते, अशी आठव्या शतकातील कातारी माणसे स्तूपाच्या बुडाखाली नावानिशी उभी आहेत. राजपुत्राच्या खोट्या वंशावळीपेक्षा हा पूर्वेतिहास किजिशींना अधिक शोभणारा होता. तो त्यांना कोणी सांगितला नाही.

मेजी काळात डोंगरांची मालकी सरकारने निश्चित केली आणि झाडे तोडण्याचे जुने दावे संपले. किजिशी स्थिरावले, त्यांपैकी अनेक जण झऱ्यांच्या गावांतील कातारी झाले. जुना लेथ दोन माणसांचा असे. एक जण हत्यार धरून लाकूड कातीत असे आणि दुसरे कोणी दोरी आलटून पालटून ओढीत असे. 1880 नंतरच्या काळात पायाने चालविण्याचा एकमाणशी लेथ तोहोकुमध्ये पसरला आणि दोरी ओढणारे हात मोकळे झाले. ते हात बहुधा घरातील स्त्रीचे असत. कोकेशीच्या इतिहासात पिता, पुत्र, गुरू, शिष्य यांची नावे पिढ्यानपिढ्या मांडलेली आढळतात. दोरी ओढणाऱ्या स्त्रियांची यादी कोठे नाही. सुत्तातील भमकाराची ओढ लांब की आखूड हे जाणण्यात दोरी ओढणाऱ्याचाही वाटा असला पाहिजे, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

मोरी हिदेतारो यांचा जन्म 1895 साली झाला आणि 1986 साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. मुख्य बेटाच्या अगदी उत्तर टोकाशी आओमोरी जिल्हा आहे. त्याच्या पश्चिम भागास त्सुगारु म्हणतात. तेथील कुरोइशी नगराजवळचे नुरुयु हे झऱ्याचे गाव हे मोरींचे गाव. या भागातील कातारी घरगुती भांडी करीत आणि मुलांसाठी 'झुगुरी' नावाचा, बर्फावर फिरणारा भोवरा करीत. बाहुलीची परंपरा मात्र येथे जुनी नव्हती. दक्षिणेकडील नारुको, तोगात्ता, त्सुचियु येथे ती एकोणिसाव्या शतकात रुजली होती; त्सुगारुमध्ये ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास आकारास आली. मोरी हे तिच्या आद्य कारागिरांपैकी एक. अर्थात, ज्याला आज 'त्सुगारु परंपरा' म्हणतात ती त्यांना वडिलोपार्जित मिळालेली नव्हती. ती त्यांनी व त्यांच्या समकालीनांनी घडविली. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

घडण पाहू. नारुकोची कोकेशी दोन भागांत कातलेली असते. तिचे डोके धडात घट्ट बसविलेले असल्याने फिरविले की कुरकुरते. त्सुगारुची कोकेशी सामान्यतः एकाच लाकडाची असते, डोके आणि धड अखंड. मोरींच्या बाहुलीस छातीपाशी फुगवटा असतो, कमर आत जाते, खालचा भाग पुन्हा रुंदावतो. केस कपाळावर व कानांशी सरळ कापलेले. धडावर त्सुगारुच्या सरदार घराण्याच्या बोधचिन्हातील पिओनीचे मोठे फूल, किंवा आयनू लोकांच्या नक्षीवरून घेतलेल्या वेलांट्या, किंवा बोधिधर्माचा दाढीमिश्यांचा, डोळे वटारलेला चेहरा.

या तीन चित्रविषयांपैकी पहिला राज्यकर्त्यांकडून आला, दुसरा जिंकल्या गेलेल्यांकडून आणि तिसरा धम्माकडून. आयनू हे उत्तरेकडील मूळ रहिवासी. काही शतकांपूर्वी त्सुगारुमध्येही त्यांची वस्ती होती. त्यांची जमीन गेली, भाषा क्षीण झाली, 1899 च्या कायद्याने त्यांना 'संरक्षणा'च्या नावाखाली शेतकरी बनविण्याचा प्रयत्न झाला. त्यांना मूळ रहिवासी म्हणून कायद्याने मान्यता मिळाली ती थेट 2019 साली. बाहुलीच्या अंगावर मात्र त्यांची नक्षी त्याआधी कितीतरी वर्षे शोभत होती. याचा दोष एका खेड्यातील कारागिरास देणे अन्यायाचे होईल. पण सरदाराचे फूल आणि आयनूंची नक्षी एकाच कुंचल्याने समान प्रेमाने रंगविली गेली म्हणून त्यांचा इतिहासही समान होता असे समजू नये.

बोधिधर्माच्या चेहऱ्यावर अधिक विचार केला पाहिजे. भारतातून चीनला गेलेला आणि ध्यानसंप्रदायाचा आद्य आचार्य मानला गेलेला हा भिक्खू जपानमध्ये 'दारुमा' या नावाने घरोघरी आहे. नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून बसल्याने त्याचे पाय झडले ही कथा प्रसिद्ध आहे. त्यावरून पाडले तरी उठून उभे राहणारे, पाय नसलेले लाल बाहुले निघाले आणि ते शुभचिन्ह ठरले. लाल रंग देवीच्या रोगापासून मुलांचे रक्षण करतो, अशी त्या काळची समजूत होती. ध्यानसंप्रदायाच्या परंपरेत त्याच बोधिधर्माविषयी दुसरीही एक कथा आहे. लिआंग राजवंशाच्या वू सम्राटाने आपण इतके विहार बांधले, इतकी सूत्रे लिहविली, त्याचे पुण्य किती, असे विचारले असता, काहीही नाही, असे उत्तर बोधिधर्माने दिले. ही कथा नंतरच्या काळातील आहे. पण संप्रदायाने आपल्या आचार्याची ओळख म्हणून ती जपली. दहा लक्ष स्तूप कातवून पुण्य मिळवू पाहणारी सम्राज्ञी एकीकडे आणि विहार बांधल्याचे पुण्य शून्य सांगणारा भिक्खू दुसरीकडे. लेथच्या जपानी इतिहासात पहिली भेटते, आणि मोरींच्या हातून दुसऱ्याचा चेहरा लेथवरच्या बाहुलीच्या पोटावर येतो. मात्र तो येतो शुभचिन्ह म्हणूनच. धम्मातील कठोरात कठोर नकाराचे रूपांतर भाग्याच्या खेळण्यात व्हावे, हे आम्हांस मान्य होण्यासारखे नाही. मोरींनी हे रूपांतर केले नाही. लोकरूढीने ते आधीच केले होते. परंतु त्यांनी रेखाटलेल्या दारुमाच्या वटारलेल्या डोळ्यांत त्या नकाराचा काही अंश उरला आहे. वरचा मुलीचा चेहरा ग्राहकाकडे लडिवाळपणे पाहतो, आणि पोटावरचा भिक्खू त्याच ग्राहकाकडे रागाने पाहतो. ही विसंगती आम्हांस या बाहुलीतील सर्वांत जिवंत गोष्ट वाटते.

आता त्या वरच्या चेहऱ्याविषयी. मोरींच्या आरंभीच्या बाहुल्यांचे डोळे बारीक आहेत, रेघा मोजक्या, मुद्रा जवळजवळ रुक्ष. हिवाळ्यात घरात कोंडलेले खेडवळ मूल असावे तशी ती दिसते. पुढे दशकांमागून दशके हा चेहरा बदलत गेला. महायुद्धानंतरच्या बाहुल्यांत डोळे मोठे व कमानदार झाले, पापण्यांचे लांब केस एकेक करून रेखले जाऊ लागले, धडाचा डौल वाढला. मूल तरुणी झाले. याचे कारण बाजारात आहे. सेल्युलॉइडची आणि पत्र्याची खेळणी खेड्यांत पोहोचताच मुलांनी लाकडी बाहुली टाकून दिली होती. ती जगली शहरांतील प्रौढ संग्राहकांमुळे. 1928 साली सेंदाईच्या आमाए तोमिया यांनी कोकेशीवर पहिला स्वतंत्र ग्रंथ काढला, आणि त्यानंतरच्या दशकात संग्राहकांची मंडळे वाढली. ज्या बाहुलीला पूर्वी चार वर्षांची मुलगी पाठीशी बांधून हिंडवीत असे, तिला आता गृहस्थाच्या फडताळात उभे राहावयाचे होते.

आमची पसंती आरंभीच्या चेहऱ्यास आहे. उत्तरकाळातील चेहऱ्यात कुंचल्याचे कौशल्य अधिक आहे, पण ते आपल्याकडे लक्ष वेधून घेते. आणि लांब पापण्यांची ती तरुणी पुष्कळदा एकाच भावाची पुनरावृत्ती होते. तथापि, पसंती-नापसंतीहून महत्त्वाची गोष्ट ही की हा बदल आपोआप झालेला नाही. सहा-सात दशके एक माणूस तोच आकार कातीत होता, आणि त्या आकारात काय ठेवावयाचे, काय सोडावयाचे, डोळ्याची रेघ किती वर न्यावयाची, याचा निर्णय घेत होता. ओढ लांब असेल तर लांब आहे हे जाणत होता.

येथे आपण यानागी मुनेयोशी यांच्या मीमांसेपाशी येतो. यानागी (1889–1961) हे नौदलातील अधिकाऱ्याचे पुत्र, सरदारपुत्रांच्या शाळेत शिकलेले. लोककारागिरीस त्यांनी 'मिंगेई' हे नाव दिले आणि 1936 साली तोक्यो येथे तिचे संग्रहालय स्थापन केले. त्यांच्याविषयी आदर न बाळगणे कठीण आहे. कोरियावर जपानची सत्ता असताना, सेऊल येथील राजवाड्याचे प्राचीन महाद्वार पाडण्याच्या सरकारी बेताविरुद्ध त्यांनी 1922 साली जाहीर लेख लिहिला. सामान्य माणसाच्या हातच्या वाडग्यास त्यांनी राजदरबारच्या भांड्याहून श्रेष्ठ मानले. 1949 साली त्यांनी सुखावती-सूत्रातील अमिताभाच्या चौथ्या संकल्पावर आपल्या सौंदर्यमीमांसेची उभारणी केली. सुरूप-कुरूप हा भेद जेथे नाही त्या भूमीत सर्वांना प्रवेश आहे. तेव्हा निरक्षर, अनाम कारागीरही स्वतःच्या सामर्थ्याने नव्हे, तर परंपरेच्या, निसर्गाच्या, अर्थात 'परशक्ती'च्या बळावर सौंदर्य निर्माण करतो. नामस्मरण करणाऱ्या अज्ञ उपासकास जशी मुक्ती, तसे पुनरावृत्तीने काम करणाऱ्या अज्ञ कारागिरास सौंदर्य.

या विचारातील समतेचा भाग आम्ही जाणतो. परंतु ही समता कारागिरास प्रवेश देते ती त्याची बुद्धी दाराबाहेर ठेवून. जाणतो तो यानागी. ज्याच्याविषयी जाणले जाते तो कारागीर अजाण राहणेच इष्ट. त्याने आपले नाव घालू नये, विचार करू नये, कारण विचाराने त्याची कला बिघडेल. अशी मांडणी करणारा प्रत्येक समीक्षक स्वतःच्या लेखाखाली मात्र सही करतो. ज्या देशात शास्त्र वाचणे एका वर्गाकडे आणि हात चालविणे दुसऱ्याकडे, अशी वाटणी धर्माने केली गेली, तेथील वाचकांस ही मांडणी कितीही बौद्ध वेषात आली तरी ओळखू येईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. विचार आणि हात यांची फारकत ही त्याच विभागणीची एक बाजू होय. मंगलसुत्तात बहुश्रुतता आणि शिल्प ही दोन मंगले एकाशेजारी एक येतात. ती एकाच माणसाच्या ठायी असावीत असाच तेथे अभिप्राय आहे.

योगायोग असा की मोरींचा सर्वांत मोठा प्रशंसक यानागींच्याच परिवारातील होता. काष्ठमुद्राचित्रकार मुनाकाता शिको (1903–1975) हे आओमोरीचेच, एका लोहाराचे पुत्र. 1939 साली त्यांनी भगवान बुद्धांचे दहा महाशिष्य आणि दोन बोधिसत्त्व यांची विशाल चित्रे लाकडात कोरली. याच चित्रमालेवर 1955 साली साओ पाउलो येथे त्यांना मोठा सन्मान मिळाला आणि पुढील वर्षी व्हेनिस येथेही त्यांच्या मुद्राचित्रांचा गौरव झाला. मोरींच्या बाहुल्यांची त्यांनी मुक्तकंठाने स्तुती केली, आणि त्या स्तुतीने नुरुयुचे नाव देशभर पोहोचले. मुनाकाताही आपल्या हातून चित्र होते, आपण ते करीत नाही, असे परशक्तीच्या भाषेत बोलत. पण त्यांचे महाशिष्य पाहावेत. भांडवल म्हणून त्यांच्यापाशी कोणतीही कलाशाळा नव्हती, आणि तरी काळा-पांढरा तोल प्रत्येक आकृतीत इतका नेमका आहे की भान हरपून हे काम झाले असे म्हणणे म्हणजे लोहाराच्या मुलाचे श्रेय अमिताभास देणे होय. लाकूड कोरणाऱ्या एका माणसाने लाकूड कातणाऱ्या दुसऱ्यास ओळखले, एवढीच ती प्रशंसा; आणि एवढीच ती पुरेशी आहे.

वारशाचा प्रश्न यापुढचा आहे. परंपरागत कोकेशीच्या जगात नियम असा की कारागिराने गुरूकडून किंवा घराण्याकडून आलेलाच आकार व चेहरा करावा. दुसऱ्याचा करावयाचा तर परवानगी घ्यावी. या संप्रदायांची संख्या साधारण अकरा-बारा मानली जाते आणि बाहुली पाहून जाणकार तिचे गाव व गुरुपरंपरा सांगू शकतात. येथे जन्माइतकेच, किंबहुना जन्माहून अधिक, शिष्यत्वास स्थान आहे, हे स्वागतार्ह आहे. मोरींची परंपराही घरच्यांबरोबर घराबाहेरील शिष्यांनी चालविली. सुत्तातही भमकारामागे येतो तो अन्तेवासी, पुत्र नव्हे. परंतु या नियमात एक अडचण आहे. मोरींनी जो चेहरा स्वतः शोधला, तो त्यांच्या शिष्यांना पाळावयाचा नियम झाला. ज्याने परंपरा नसताना बाहुली केली, त्याच्या मागून येणाऱ्यास परंपरेबाहेर पाऊल टाकले तर 'परंपरागत' हे बिरुद गमवावे लागते. शिष्य गुरूच्या आरंभीच्या रुक्ष चेहऱ्याची प्रतिकृती करतात, उत्तरकाळातील लांब पापण्यांचीही करतात. संग्राहक दोहोंस वाखाणतात. गुरूने केले ते पुन्हा करणे म्हणजे वारसा, की गुरूने जसा निर्णय घेतला तसा आपला निर्णय घेणे म्हणजे वारसा? युद्धोत्तर काळातील 'सर्जनशील कोकेशी' करणाऱ्यांनी दुसरा मार्ग घेतला, पण त्यांनी गुरुपरंपराच सोडली, आणि त्यांच्या पुष्कळशा बाहुल्या आम्हांस नुसत्या गोड वाटतात. मधला मार्ग अजून मोकळाच आहे.

दरम्यान कुरोइशी नगराने आपल्या बाहुलीचा गौरव करण्याचा एक प्रकार शोधून काढला. 1988 साली तेथे त्सुगारु कोकेशी संग्रहालय उघडले. त्याच सुमारास जपान सरकारने प्रत्येक नगरास दहा कोटी येन विकासार्थ दिले, तेव्हा या नगराने शुद्ध सोन्याची एक आणि चांदीची एक कोकेशी करविली. पुढे 2007 साली सोन्याची विकली गेली. मेपलच्या लाकडाची बाहुली सोन्यात ओतली म्हणजे तिचा सन्मान झाला, ही समजूत सम्राज्ञी शोतोकुच्या काळापासून फारशी बदललेली दिसत नाही. सोन्याची बाहुली अर्थातच लेथवर कातता येत नाही.

लाकडी बाहुल्या संग्रहालयात काचेमागे रांगेने उभ्या असतात. समोरून पिओनी दिसते, आयनू नक्षी दिसते, वटारलेल्या डोळ्यांचा दारुमा दिसतो. कारागिराची सही बुडाशी असते. आठव्या शतकातील स्तूपांवर ती जेथे होती तेथेच. बाहुली उभी आहे तोवर ती दिसत नाही.